‘पुरे’ म्हणणारी पेशी

पंगत बसली की वाढप्याची खरी परीक्षा सुरू होते. नवखा वाढपी हातातल्या पातेल्याकडे पाहतो. पातेले लवकर रिकामे झाले म्हणजे आपले काम झाले, अशी त्याची समजूत असते. मुरलेला वाढपी पानाकडे पाहतो. कोणाच्या पानावरचा भात संपत आला आहे, कोणाला आणखी आमटी हवी आहे आणि कोणी पानावर हात आडवा धरला आहे, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो पान पाहून वाढतो आणि पान पाहूनच थांबतो. वाढणे कोणालाही जमते. नेमके कुठे थांबावे हे कळायला मात्र जाण लागते.

माणसाच्या शरीरात ही जाण असलेल्या काही पेशी आहेत. जठराच्या मागे आडवे पसरलेले, १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे आणि सुमारे १०० ग्रॅम वजनाचे स्वादुपिंड हे त्यांचे घर. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस तयार करण्यात गुंतलेला असतो. पण त्या भागात, समुद्रात बेटे विखुरलेली असावीत तसे, निराळ्या पेशींचे लहान लहान पुंजके असतात. त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असली तरी सर्वांचे मिळून वजन ग्रॅम-दोन ग्रॅम एवढेच भरते. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने वैद्यकाच्या प्रबंधासाठी अभ्यास करताना सूक्ष्मदर्शकाखाली हे पुंजके पाहिले आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. ते कशासाठी आहेत, याचा उलगडा त्याला झाला नव्हता. पुढे मात्र त्याच्याच नावाने ते ‘लँगरहॅन्सची बेटे’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

त्यानंतर वीस वर्षांनी, १८८९ साली, ऑस्कर मिंकोव्स्की आणि जोसेफ फॉन मेरिंग या संशोधकांनी स्ट्रासबर्ग येथे एका कुत्र्याचे स्वादुपिंड शस्त्रक्रियेने काढून टाकले. तो कुत्रा वारंवार लघवी करू लागला आणि त्या लघवीत साखर आढळली. स्वादुपिंड आणि मधुमेह यांचे नाते अशा रीतीने उघड झाले. ‘मधुमेह’ हे नाव मात्र भारतात त्यापूर्वी कितीतरी शतके रूढ होते. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत मधासारख्या मूत्राचा हा विकार वर्णिलेला आहे. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती सगळी अडवून धरता येत नाही आणि ती मूत्रावाटे बाहेर पडू लागते. प्राचीन वैद्यांनी हा परिणाम अचूक टिपला होता. कारण मात्र पोटातल्या त्या इवल्याशा बेटांवर दडून राहिले होते.

रक्तात साखर असते म्हणजे तरी किती असते? येथे साखर म्हणजे ग्लुकोज. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. प्रौढ माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त धरले, तर साऱ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर साखर झाली. भात-वरणाच्या साध्या जेवणातूनही याच्या कितीतरी पट साखर तासा-दोन तासांत रक्तात येऊन पडते. उलट, एकटा मेंदू दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खर्च करतो आणि रात्री माणूस झोपला तरी तो खर्च थांबत नाही. एका बाजूने अशी आवक आणि दुसऱ्या बाजूने असा खर्च चालू असताना रक्तातील ती चमचाभर साखर ठरलेल्या मर्यादेत राखायची, हे बेटांवरच्या पेशींचे काम आहे.

या बेटांवरील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक तयार करतात. संप्रेरक म्हणजे ग्रंथीतून थेट रक्तात सोडले जाणारे आणि दूरच्या अवयवांपर्यंत निरोप पोचवणारे रसायन. इन्सुलिनचा निरोप थोडक्यात असा असतो : ‘साखर आली आहे, ती ठेवून घ्या.’ हा निरोप मिळताच स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी रक्तातील ग्लुकोज आत घेऊ लागतात आणि यकृत ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठवू लागते. पण हा निरोप केव्हा धाडायचा आणि किती जोराने धाडायचा, हे बीटा पेशीला कोण सांगते? मेंदूचा आणि मज्जातंतूंचा तिच्यावर थोडाफार प्रभाव असतो, परंतु त्यांच्या हुकमाची वाट पाहत ती थांबत नाही. जिच्यावर नियंत्रण ठेवायचे, त्या साखरेलाच ती विचारते. रक्तात किती साखर आहे, हे ती स्वतः थोडी साखर खाऊन ठरवते.

हे कसे घडते, ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. बीटा पेशीत ग्लुकोजला मुक्त प्रवेश असतो. रक्तात साखर वाढली की पेशीच्या आतही ती वाढते. आत ग्लुकोकायनेज नावाचे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, तिची वाटच पाहत असते. या विकराचा विशेष असा, की साखर कमी असताना ते संथ चालते आणि साखर वाढेल तसा त्याचा वेग वाढतो. त्यामुळे ते जणू पेशीचे मोजमापाचे साधन ठरते. साखर जास्त, तर तिचे ज्वलनही जास्त. आणि ज्वलन जास्त, तर त्यातून निर्माण होणारे एटीपी हे ऊर्जेचे चलनही जास्त.

बीटा पेशीच्या पटलावर पोटॅशियमसाठी असलेली सूक्ष्म दारे आहेत. साखर कमी असताना ही दारे उघडी असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपत राहते आणि पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित राहते. ही पेशीची विश्रांतीची अवस्था होय. एटीपी वाढले की ही दारे मिटतात. पोटॅशियमचे बाहेर जाणे थांबते, पटलावरील विद्युतभार बदलतो आणि त्या बदलामुळे कॅल्शियमची दारे उघडतात. बाहेरचे कॅल्शियम आत शिरते. पेशीत इन्सुलिन भरलेल्या हजारो सूक्ष्म पिशव्या तयार असतात. कॅल्शियमचा इशारा मिळताच त्यांतील काही पिशव्या पटलाला जाऊन मिळतात आणि आपल्यातील इन्सुलिन रक्तात रिकामे करतात. पटलालगत सज्ज असलेल्या पिशव्या पहिल्या काही मिनिटांतच रित्या होतात. मागच्या पिशव्या नंतर सावकाश पुढे येत राहतात. म्हणून साखर एकदम वाढली, तर इन्सुलिन आधी भरभर आणि मग संथपणे, पण सतत, सोडले जाते.

या कामात आतड्याचाही हातभार असतो. साखर शिरेतून दिली, त्यापेक्षा तोंडावाटे दिली असता इन्सुलिन अधिक सोडले जाते, हे १९६४ साली दिसून आले. अन्न आतड्यात पोचताच तेथील पेशी आपली संप्रेरके रक्तात सोडतात आणि जेवण येत असल्याची वर्दी बेटांना देतात. मात्र या वर्दीवर बीटा पेशी आंधळा विश्वास टाकत नाही. रक्तात साखर खरोखर वाढलेली असेल, तरच त्या वर्दीचा जोर चालतो. शेवटचा शब्द साखरेचाच राहतो.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ अशी एक म्हण मराठीत आहे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि बटाट्याची भाजी अशी ताटे भरतात आणि उपवास घडल्याचे समाधानही मिळते. बीटा पेशीला पंचांग वाचता येत नाही. साबुदाणा म्हणजे बहुतांशी पिष्टमय पदार्थ. पचनानंतर त्याचे ग्लुकोजच होते. एकादशी असो की लग्नाचे जेवण असो, रक्तात आलेल्या साखरेचा हिशोब ही पेशी सारख्याच निष्ठेने ठेवते. माणसाने स्वतःची समजूत घातली, तरी तिची समजूत घालता येत नाही.

परंतु तिचा खरा मोठेपणा इन्सुलिन सोडण्यापेक्षा ते सोडायचे थांबवण्यात आहे. साखर खाली येऊ लागली की ज्वलन मंदावते, एटीपी घटते, पोटॅशियमची दारे पुन्हा उघडतात, कॅल्शियमची दारे बंद होतात आणि पिशव्या रिकाम्या होणे थांबते. जे इन्सुलिन आधीच रक्तात गेले आहे, तेही रेंगाळत नाही. साधारण पाच मिनिटांत त्यातील निम्मे नाहीसे होते. निरोपाचे काम संपताच निरोप पुसला जावा, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे चूक झालीच, तर ती थोडक्यात सावरता येते.

त्याच बेटांवर अल्फा पेशींचीही वस्ती असते. त्यांचा पगडा उलट बाजूचा. साखर कमी झाली की त्या ग्लुकॅगॉन नावाचे संप्रेरक सोडतात. या संप्रेरकाला हे नाव १९२३ साली मिळाले. ग्लुकॅगॉनचा निरोप यकृताला जातो : ‘साठवलेले बाहेर काढा.’ यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन साठलेले असते. रात्रीचे जेवण आटोपून झोपलेला माणूस सकाळी ताजातवाना उठतो आणि रिकाम्या पोटी कामाला लागतो, तेव्हा त्याच्या मेंदूला रात्रभर साखर पुरवण्याचे काम याच साठ्याने बरेचसे केलेले असते. साखर वाढली, की बीटा पेशी पुढे होतात आणि अल्फा पेशी मागे सरतात. साखर घटली, की याच्या उलट घडते. एका घरातील जमा पाहणारी आणि खर्च पाहणारी अशी दोन माणसे एकमेकांकडे लक्ष ठेवून वागतात, तसाच हा संसार चालतो.

हा संसार मोडला म्हणजे काय होते, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या रुग्णालयांनी पाहिले होते. काही मुलांच्या शरीरातील रोगप्रतिकारक यंत्रणाच भ्रमिष्ट होऊन त्यांच्या बीटा पेशींचा नाश करते. अशी मुले कितीही खाल्ले तरी वाळत जात. रक्त साखरेने ओसंडत असे आणि पेशी उपाशी असत. त्या काळी वैद्यांच्या हाती एकच उपाय होता, तो म्हणजे मुलाला जवळजवळ उपाशी ठेवणे. त्याने मृत्यू थोडा लांबत असे, टळत नसे.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनचा अर्क काढण्याचे प्रयोग सुरू केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्या अर्काचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. मुलाचे वजन तेव्हा तीस किलोदेखील नव्हते. अर्क अशुद्ध होता आणि त्याचा फारसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने तो अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीपासून नवा अर्क देण्यास सुरुवात झाली आणि मुलाच्या रक्तातील साखर उतरली. मरणाच्या दारात उभा असलेला लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंगने आपल्या वाट्याची रक्कम बेस्टबरोबर आणि मॅक्लिऑडने कॉलिपबरोबर वाटून घेतली.

पण याच प्रयोगांच्या दरम्यान कॉलिपला आणखी एक गोष्ट दिसली होती. जोरकस अर्क टोचलेल्या सशांना झटके येऊ लागले. त्यांना ग्लुकोज दिले असता ते पुन्हा सावध होत. अर्काने त्यांच्या रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली आणली होती. तारणारे औषध मापाबाहेर गेले, की तेच मारू शकते, हे त्या सशांनी दाखवून दिले. बीटा पेशी गेल्यावर इन्सुलिन बाटलीत मिळू लागले; परंतु ते केव्हा आणि किती सोडावे, ही जाण कोणत्याही बाटलीत भरता आली नाही. शिवाय त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन रक्तातील साखर पाहून थांबत नाही. ते आपल्या गतीने कितीतरी वेळ रक्तात उतरतच राहते.

म्हणून अशा रुग्णाला जे काम करावे लागते, ते नीट पाहिले पाहिजे. बीटा पेशी क्षणोक्षणी आणि गाजावाजा न करता जे करते, ते त्याला जाणीवपूर्वक, हाताने करावे लागते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढायचा, साखर मोजायची, पुढच्या जेवणात किती पोळ्या आणि किती भात असेल याचा अंदाज बांधायचा, दिवसभरात किती चालणे होणार आहे ते लक्षात घ्यायचे आणि मग इन्सुलिनची मात्रा ठरवायची. इंजेक्शन घेतले आणि काही कारणाने जेवण लांबले, तर घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. वेळीच साखर मिळाली नाही, तर शुद्ध हरपते. ज्या अल्फा पेशींनी अशा वेळी धावून यायचे, त्यांचा प्रतिसादही या रुग्णांत बहुधा मंदावलेला असतो. शाळकरी मूल असो, बसचा वाहक असो किंवा शेतात राबणारी स्त्री असो, या हिशोबाला सुटी नसते. रक्तातील साखर पाहून इन्सुलिनची मात्रा आपोआप कमी-अधिक करणाऱ्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. पण आपण किती जेवणार आहोत, हे त्या यंत्रालाही माणसानेच सांगावे लागत असे. ग्रॅमभर वजनाच्या पेशींची बरोबरी करणे किती कठीण आहे, ते यावरून समजते.

मधुमेहाचा अधिक प्रमाणात आढळणारा प्रकार निराळा आहे. त्यात बीटा पेशी एकाएकी नष्ट होत नाहीत. शरीरातील इतर पेशीच इन्सुलिनचा निरोप नीट ऐकेनाशा होतात. मग बीटा पेशी आवाज चढवते, अधिकाधिक इन्सुलिन सोडते. ही जादा मेहनत काही वर्षे निभावते आणि रक्ताच्या तपासणीत काही दिसतही नाही. पुढे ती थकते. जेवणानंतर तत्काळ सोडले जाणारे इन्सुलिन आधी कमी होते आणि साखर हळूहळू चढू लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. बेतशीर आहार, रोजचे चालणे आणि वेळेवर केलेली तपासणी यांमुळे थकत चाललेल्या या पेशींवरचा भार हलका होतो.

पेशीची भाषा नीट समजली, तर कधी कधी तिची हरवलेली जाण परतही आणता येते, याचेही एक उदाहरण आहे. काही बालकांना जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. त्यांच्यात बीटा पेशी शाबूत असतात, इन्सुलिनही असते. पण ते बाहेर पडत नाही. १९८४ साली फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुकोजमुळे मिटणारे पोटॅशियमचे दार बीटा पेशीत शोधून काढले. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, २००४ साली, या बालकांपैकी अनेकांच्या जनुकांत त्याच दाराचा दोष असल्याचे आढळले. त्यांचे दार एटीपी वाढले तरी मिटत नव्हते. ते उघडेच राहत असल्याने साखरेची बातमी पिशव्यांपर्यंत पोचतच नव्हती. मोठ्या माणसांच्या मधुमेहात अनेक वर्षे वापरात असलेल्या काही गोळ्या नेमके हेच दार मिटवतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांना त्या गोळ्या देण्यात आल्या आणि त्यांपैकी ४४ जणांची इन्सुलिनची इंजेक्शने बंद करता आली. जन्मापासून रोज सुया टोचून घेणाऱ्या मुलांच्या हाती गोळी आली. एक दार मिटले आणि त्यांच्या आयुष्याचे दुसरे दार उघडले.

हे सारे ज्ञान प्रयोगशाळेपुरते राहिले, तर त्याचा उपयोग अर्धाच. समारंभाच्या पंगतीत एखादा माणूस लाडू नको म्हणतो, तेव्हा आजूबाजूचे त्याला सोडत नाहीत. ‘एकाने काय होते?’, ‘आमचा मान म्हणून तरी घ्या’ असा आग्रह सुरू होतो. आग्रह करणाऱ्यांच्या मनात प्रेमच असते. पण निरोगी माणसाच्या अंगात एका लाडवाचा हिशोब त्याच्या नकळत बीटा पेशी चुकता करतात. समोरच्या माणसाला तो स्वतःच चुकता करायचा असतो. सकाळी बोटातून काढलेला रक्ताचा थेंब, टोचून घेतलेली सुई आणि दुपारपर्यंतचा सगळा अंदाज त्याच्या त्या नकारामागे उभा असतो. त्याने पानावर आडवा धरलेला हात म्हणजे त्याच्या थकलेल्या किंवा नाहीशा झालेल्या पेशींचे उरलेले काम आहे. मुरलेला वाढपी तो हात पाहतो, हसतमुखाने मान डोलावतो आणि पुढच्या पानाकडे वळतो.